चार तारा आणि एक पातेलं

माणसाने तीन वस्तू दुसऱ्याच्या सल्ल्याने घेऊ नयेत, असं आमचे अण्णा म्हणत असत : आंबे, चपला आणि तानपुरा. आंब्याला स्वतःचं नाक लागतं, चपलेला स्वतःचा पाय लागतो आणि तानपुऱ्याला स्वतःचा कान. यातलं नाक आणि पाय माझ्याकडे बऱ्यापैकी आहेत. कानांच्या बाबतीत मात्र परमेश्वराने चष्म्याच्या काड्या अडकवण्यापुरतीच सोय करून दिलेली आहे.

घरात हे सगळ्यांना ठाऊक असताना, बारावीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी चिरंजीव माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, मला बेस हवाय."

मला भरूनच आलं. "अरे, हेच मी आठवीपासून सांगतोय! तुझा गणिताचा बेस कच्चा आहे. तेव्हाच क्लास लावला असतास तर..."

"गणिताचा नाही. बेस गिटार."

"गिटार आहे की तुझ्याकडे. माळ्यावर."

"ती सहा तारांची. ही चार तारांची असते."

मी किंमत विचारली. चिरंजीवांनी सांगितली. दोन तारा कमी आणि पैसे जवळजवळ तिप्पट, हा हिशेब काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. मंडईत सहा केळ्यांपेक्षा चार केळी महाग देणाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा गेलो नसतो.

"आणि त्यावर गाणं वाजवतात?"

"गाणं नाही. गाण्याच्या खालचं."

"गाण्याच्या खाली काय असतं?"

"तेच तर वाजवायचं असतं," असं म्हणून चिरंजीव गप्प झाले. मीही झालो, कारण असलं उत्तर मी पूर्वी कुठेतरी ऐकलेलं होतं आणि कुठे ते आठवत नव्हतं.

चौकशीअंती कळलं ते असं, की कॉलेजातल्या चार मुलांनी आणि एका मुलीने मिळून बँड काढला होता. मुलगी गाणार, एक जण ड्रम बडवणार, आणि उरलेल्या तिघांनाही गिटारच वाजवायची होती. तीन गिटारी झाल्या तर लोक उठून जातील हे त्यांचं त्यांनाच कळल्यामुळे एकाने खाली उतरायचं ठरलं, आणि खाली उतरायला आमचे चिरंजीव तयार झाले. मला ते फारसं आवडलं नाही. बाप झाला की मुलगा पुढे उभा असावा असंच वाटतं. त्यावर त्यांनी मला बीटल्सचा दाखला दिला. तिथेही १९६१ साली बेस वाजवणारा बँड सोडून गेला, दुसरं कोणी घ्यायला तयार होईना, तेव्हा पॉल मॅकार्टनीने तो गळ्यात अडकवून घेतला आणि हॅम्बुर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराचा एक स्वस्तातला बेस विकत घेतला. "म्हणजे बघा!" चिरंजीव म्हणाले. मी बघितलं. 'स्वस्तातला' हा शब्द मी लक्षात ठेवला.

दुकानात गेलो. भिंतीवर हारीने बेस टांगलेले. वर्णाने लाल, काळे, निळे. मान गिटारीपेक्षा वीतभर लांब. विक्रेता पंचविशीचा होता आणि त्याने केसांची शेपटी बांधली होती. त्याने मला विचारलं, "सर, टोन कसा हवाय?"

टेलरने विजारीच्या तळाचं माप विचारावं तसा त्याचा सूर होता, म्हणून मी म्हटलं, "मीडियम."

त्यानंतर तो मुलगा माझ्याशी बोलला नाही. चिरंजीवांशी मात्र तासभर बोलला. त्यातलं माझ्या पदरात पडलं ते असं. हातात धरून वाजवायचा विजेचा बेस लोकांनी खऱ्या अर्थाने घेतला तो १९५१ पासून. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचे गृहस्थ होते, त्यांनी तो बाजारात आणला. त्याआधी बेस म्हणजे पुरुषभर उंचीचं, व्हायोलिनच्या पणजोबासारखं दिसणारं धूड. टॅक्सीत मावत नाही आणि ढोलांपुढे ऐकू येत नाही. फेंडरसाहेबांनी त्याला आडवं केलं, पोटात लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं बसवलं आणि मानेवर पडदे ठोकले. पडद्यामुळे बोट नेमकं सुरावर पडतं म्हणून नाव ठेवलं 'प्रिसिजन'. १९६० साली त्याची धाकटी पाती आली, 'जॅझ'. तिची मान निमुळती, आणि चुंबकं दोन ठिकाणी. घोडीजवळचं चुंबक लावलं की आवाज करकरीत, मानेकडचं लावलं की गोल. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे या फेंडरसाहेबांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. मला एकदम त्यांच्याविषयी आपुलकी वाटायला लागली.

चिरंजीवांनी एकेक बेस मांडीवर घेऊन तेच चार सूर वाजवून पाहिले. पहिला 'धुम्' म्हणाला. दुसरा 'धूंम' म्हणाला. तिसरा पुन्हा 'धुम्' म्हणाला.

"कळला ना फरक, बाबा?"

"हो," मी म्हटलं.

अशा वेळी 'हो' म्हणण्याची मला लहानपणापासून सवय आहे. ती कुठे लागली ते पुढे येईलच.

शेवटी प्रिसिजनच्या वळणाचा, पण कॅलिफोर्नियाशी काही नातं नसलेला असा एक बेस आणि त्याचा आवाज मोठा करणारा एक खोका घेऊन आम्ही घरी आलो.

खोका सुरू झाला त्या संध्याकाळी आमच्या घराला स्वतःचाही आवाज आहे हे प्रथमच समजलं. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला एक्केचाळीस वेळा थरथरते. ती थरथरली की मांडणीवरचे स्टीलचे पेले थरथरत, दुसरी तार छेडली की शोकेसची काच, आणि तिसऱ्या तारेवर एका ठराविक पडद्याला देव्हाऱ्यातली घंटा. खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन म्हणाले, "तुमच्या पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय." मी त्यांना बेस दाखवला. तो त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि जाताना म्हणाले, "तरी पण एकदा पंप बघून घ्या."

आणि पंधरा दिवसांनी चिरंजीव म्हणाले, "टोन येत नाहीये."

इतके पैसे घालून जे यायचं ते आलं नाही म्हटल्यावर मी उठून बसलो. "मग परत करू."

"बेसचा दोष नाही. तारांचा आहे."

इथून आमच्या घरात तारांचं पर्व सुरू झालं. गिटारीच्या तारा आणि बेसच्या तारा यांत रिळाचा दोरा आणि विहिरीचा पोहरा ओढायचा दोर इतका फरक आहे. किमतीतही. एका जुडग्यात चार तारा येतात आणि त्याला जे पैसे पडतात तेवढ्यात आमच्या लग्नाच्या वरातीला सबंध बँड आला होता, बँडमास्तरसकट. जाडी मोजायची रीतही न्यारी. इंचाचे हजार भाग करायचे, आणि त्यातले पंचेचाळीस भाग जाड ती वरची तार, एकशेपाच भाग जाड ती खालची.

"पण इतकी जाड कशाला?" मी विचारलं.

चिरंजीवांचं विज्ञान त्यांच्या गणितापेक्षा बरं आहे. ते म्हणाले, सूर खाली न्यायला तीनच उपाय. तार लांब करा, सैल करा, नाहीतर जड करा. लांब करायची तर हात पुरत नाही. चौतीस इंचांवरच तो टेकीला येतो. सैल केली तर लोंबते आणि पडद्यांवर खडखडते. म्हणून जड. पण नुसती जाड सळई ताणली तर ती तारेसारखी वागत नाही, गजासारखी वागते, आणि तिच्यातले वरचे बारीक सूर बेसूर होतात. म्हणून मधे बारीक पोलादी तार घ्यायची आणि तिच्याभोवती दुसरी तार गुंडाळायची. गुंडाळलेली तार गोल असली तर ती 'राउंडवाउंड'. तिचा आवाज नव्या स्टीलच्या भांड्यासारखा खणखणीत, आणि बोट घसरलं की करकर. गुंडाळलेली तार फितीसारखी चपटी असली तर 'फ्लॅटवाउंड'. तिचा आवाज वापरून मऊ झालेल्या लुगड्यासारखा.

पहिल्या महिन्यात निकेलच्या गोल तारा आल्या. त्या 'जरा दबक्या' निघाल्या. दुसऱ्या महिन्यात पोलादी गोल तारा आल्या. त्या पहिले आठ दिवस पियानोसारख्या वाजल्या आणि मग बोटांचा घाम आणि मळ वेटोळ्यांत बसून 'मेल्या'. तार मरते हे मला नवीन होतं. मी म्हटलं, "अरे, पण त्या अमेरिकेतल्या कोणाचं तू सांगत होतास ना, तो तर तारा बदलतच नसे?"

मी म्हणत होतो ते डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन. मोटाउन कंपनीच्या शेकडो गाण्यांच्या खाली त्यांचा बेस आहे. १९६२चा प्रिसिजन, त्यावर जाडजूड चपट्या तारा, आणि त्या तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत असा नेम. वाजवायचे कशाने, तर उजव्या हाताच्या एका तर्जनीने.

"त्यांचा हात वेगळा होता, बाबा."

"मग तारा कशाला बदलतोस? हात बदल!"

हे मी चिडून म्हटलं होतं. चिरंजीवांच्या चेहऱ्यावरून ते लागलं असं दिसलं. नंतर दोन दिवस खोका बंद होता. पेले गप्प, काच गप्प, आणि खालचे आजोबा जिन्यात भेटून म्हणाले, "केला वाटतं पंप दुरुस्त?"

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून सौ.ची हाक आली. त्या हाकेचा खर्ज बेसच्या चौथ्या तारेच्याही खाली होता. मी धावलो. गॅसवर पातेलं. पातेल्यात पाणी रटरटतंय, आणि त्या पाण्यात चार वेटोळी उकळतायत.

"मला वाटलं चकल्या," सौ. म्हणाली. "झाऱ्याने उलटायला गेले!"

मेलेल्या तारा उकळल्या की वेटोळ्यांतला चिकटा सुटतो आणि त्या काही दिवस पुन्हा जिवंत होतात, ही विद्या सगळ्या जगातले कडकीतले बेसवाले जाणतात. चिरंजीवांनी बापाचे पैसे वाचवायलाच हा उद्योग केला होता, हे समजल्यावर मला माझ्या चिडण्याची लाज वाटली. पातेलं दुधाचं होतं, एवढीच काय ती गफलत. त्या दिवशीचा चहा मात्र थोडा 'स्टील राउंडवाउंड' लागला.

उकळलेल्या तारा पुसून वाळत घालायला जागा हवी होती. चिरंजीवांनी त्या कोपऱ्यातल्या तानपुऱ्याच्या गवसणीवर टाकल्या, आणि टाकता टाकता गवसणी जरा सरकली.

"बाबा, आजोबांच्या तानपुऱ्याला तीनच तारा कशा?"

"खर्जाची तुटली. अण्णा गेले त्याच पावसाळ्यात."

"मग बसवली का नाही?"

याचं उत्तर द्यायचं तर मला अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा पोस्टात होते. ते गात नसत. पण गावात कोणी गवई आले की मागे तानपुऱ्याला अण्णा बसत. पुढे गवई, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, आणि मागे अण्णा. तीन-तीन तास त्याच चार तारा, त्याच क्रमाने : पंचम, दोन षड्ज, खर्ज. आमच्याकडे अशा एका मैफलीचा फोटो आहे. त्यात बुवा पूर्ण आहेत, तबलजी पूर्ण आहेत, पेटीवाले पाऊण आहेत, आणि अण्णांचा एक कान आणि चार बोटं आहेत. शाळेत मुलं मला विचारत, "तुझे वडील गातात का रे?" मी सांगत असे, "नाही. मागे बसतात." आणि विषय बदलत असे.

सकाळी अण्णा तानपुरा लावत. लागला की मला हाक मारत, खर्जाची तार एकटीच छेडत आणि विचारत, "गांधार ऐकू येतो का?" गोष्ट अशी आहे, की तानपुऱ्याला गांधाराची तार नसतेच. पण खर्जाची तार चांगली लागली, जवारी खुलली, म्हणजे तिच्या पोटातून पाचपट कंपनांचा एक सूर आपोआप वर येतो, तो गांधार. कोणी न छेडता आलेला म्हणून त्याला म्हणतात स्वयंभू गांधार. हे सगळं मी पुढे वाचलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की 'नाही' म्हटलं तर अण्णा पुन्हा छेडतात आणि शाळेला उशीर होतो. म्हणून मी म्हणत असे, "हो."

अण्णा हसत आणि मला जाऊ देत. 'हो' म्हणायची सवय ती ही. जो सूर मला कधी ऐकूच आला नाही, त्याची तार तुटली काय नि बसवली काय?

हे शेवटचं वाक्य मी चिरंजीवांना सांगितलं नाही. म्हटलं, "राहून गेलं. पुढच्या महिन्यात सांगलीला लग्न आहे, तेव्हा मिरजेला नेऊ."

तानपुरा घेऊन रेल्वेने जाणाऱ्या माणसाला बसायला जागा मिळते, पण ती तानपुऱ्याला. आम्ही दोघे उभे. मिरजेला उतरून वाद्यांच्या गल्लीत शिरलो. गावात हा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. तलवारी-भाल्यांना धार लावणारे शिकलगार. लढाया संपल्या, धार लावायला पाती उरली नाहीत, तेव्हा त्यांचे हात सतारी-तानपुऱ्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे यायचे, इथे त्यांना दांड्या बसायच्या आणि ते हिंदुस्थानभर गवयांच्या मागे जाऊन उभे राहायचे. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात स्थायिक झाले होते. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी हे सगळं चिरंजीवांना सांगत होतो आणि ते चक्क ऐकत होते.

कारागीर म्हातारे होते. त्यांनी गवसणी काढली, भोपळ्यावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं आणि विचारलं, "गाणार कोण?"

"तशी फक्त खर्जाची तार बसवायचीय," मी म्हटलं.

"ते दिसतंय. गाणार कोण?"

"गाणारं कोणी नाही."

"मग तार कुठली देऊ?" त्यांनी हात थांबवले. "काळी एकचे बुवा असले तर एक पितळेची तार, काळी पाचची बाई असली तर तिच्याहून बारीक. एकाची तार दुसऱ्याला लावली तर ढप वाजती नाहीतर तुटती. तार गळ्यावर ठरती, साहेब. दुकानात नाही ठरत."

तेव्हा चिरंजीव मधे बोलले. आपण काय वाजवतो ते सांगितलं. चार तारा, गाण्याच्या खाली, टोन येत नाही, तीन जुडगी झाली. म्हाताऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे खर्जवाले. वाजवून कुठं बघता?"

"खोलीत. दार लावून."

"एकटेच? मग चांगली लागली काय, वाईट लागली काय, कळणार कसं? गाणारं कोण हाय तुमच्यात?"

"एक मुलगी आहे."

"तिची पट्टी कुठली?"

चिरंजीव गप्प. मूळ गाणं ज्या पट्टीत होतं त्याच पट्टीत ते वाजवत होते. मुलीला ती चढ जात होती आणि ती बिचारी ताणून गात होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"आधी तिला विचारा," म्हातारे म्हणाले. "खर्ज कसा असावा, तर वाजतोय हे कळू नये, आणि थांबला तर कळावं."

शेवटी अण्णा मागे बसत त्या बुवांची पट्टी मी आठवून सांगितली. त्यांनी पितळी तार काढली, खुंटीला गुंडाळली, घोडीवर चढवली. मग घोडीचा पृष्ठभाग कानशीने अगदी हलका घासला, तारेखाली दोरा सरकवला. आधी तार 'ठण्' करून मरत होती. दोरा केसभर सरकला आणि ती उघडली. एखादी बंद खोली खिडकी उघडल्यावर मोठी होते तशी.

"गांधार बोलतोय बघा," म्हातारे म्हणाले.

"हो," मी म्हटलं. चिरंजीवांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

घरी आल्यावर पहिल्यांदा त्या मुलीला विचारण्यात आलं. गाणं दोन पट्ट्या खाली उतरलं. मग पाचही जण आमच्याच दिवाणखान्यात जमले, आणि चिरंजीवांना जो शोध लागला तो त्यांनी मला रात्री जेवताना सांगितला. खोलीत एकट्याने वाजवताना पोलादी गोल तार झकास वाटते, लखलखते. पण दोन गिटारी आधीच लखलखत असतात, वर झांजा असतात. त्यात बेसही लखलखायला लागला की मुलीच्या आवाजाला बसायला जागाच राहत नाही. म्हणून चिरंजीवांनी चौथं जुडगं आणलं ते चपट्या तारांचं, स्वतःच्या पैशांनी. एकट्याने ऐकलं तर त्यांचा आवाज गोणपाटावर काठी मारल्यासारखा येतो. चिरंजीव मात्र खूश होते. "टोन आला," म्हणाले. मी काही ऐकायला गेलो नाही, कारण ऐकायला जाण्यासारखं त्यात काही नाही असं मला वाटलं.

गणपतीत सोसायटीच्या मांडवात त्यांचा कार्यक्रम झाला. मुलगी पुढे, दोन गिटारवाले दोन बाजूंना, आणि चिरंजीव मागे, ड्रमच्या शेजारी, दिव्याच्या अंधुक टोकाला. माझ्या खुर्चीवरून त्यांचा एक कान आणि चार बोटं दिसत होती.

मी जरा सावरून बसलो.

दुसऱ्या गाण्यात त्यांच्या बेसची वायर कोणाच्या तरी पायात येऊन निसटली. गाणं थांबलं नाही. मुलगी गात होती, गिटारी वाजत होत्या, ड्रम चालू होता. पण काहीतरी झालं. पुढच्या रांगेतल्या बायका बोलायच्या थांबून वर बघायला लागल्या. खालचे आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गेलं हो?" काय गेलं ते त्यांना सांगता येत नव्हतं; कालवणातलं मीठ गेलं की सांगता येतं, इथे कालवणाखालची चूलच गेली होती. मग चिरंजीवांनी वाकून वायर खोचली, आणि सगळा मांडव पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसला. मुलगी मागे वळून पाहून हसली. टाळ्या तिला पडल्या, आणि त्या बरोबरच होत्या.

माझ्या डोळ्यांत काय गेलं ते सांगत नाही. मांडवात धूप फार होता.

रात्री घरी आल्यावर चिरंजीवांनी तानपुरा काढला. तारा मोबाइलवर बघून लावल्या, मग मोबाइल बाजूला ठेवून कानाने पुन्हा लावल्या. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाबा, मिरजेला तुम्ही हो म्हणालात. तुम्हाला ऐकू आला होता?"

"नाही," मी म्हटलं. "अण्णा विचारायचे तेव्हाही येत नव्हता. मी आपला हो म्हणायचो."

साठीच्या घरातल्या माणसाला हे एक वाक्य बोलायला इतकी वर्षं लागावीत, याचं मला त्या क्षणी नवल वाटलं. चिरंजीव हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही मोठा आवाज पकडायला जाता. तो सोडा. तो विरतो ना, त्याच्या वर बघा." आणि त्यांनी खर्ज छेडला.

मी डोळे मिटले. तार वाजली, भरली, विरायला लागली. मी वर बघितलं. काही नव्हतं. पुन्हा छेडली. पुन्हा. पाचव्या की सहाव्या वेळेला, सगळं विरत असताना, कुठूनतरी वरून एक बारीक सूर आला. कोणी छेडलेला नाही, कोणाच्या हातातला नाही. आला आणि गेला. आला असं मला वाटलं, असंही म्हणता येईल.

"आला?"

"हो," मी म्हटलं. आणि पहिल्यांदाच पुढे जोडलं, "बहुतेक."

"त्यात बहुतेक काय?" स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला. "चांगला स्वच्छ येतोय की. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात अण्णांनी मला बसवून ऐकवला होता. रोज यायचा."

आम्ही दोघेही दाराकडे बघत राहिलो.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कोणी विचारलंय?" सौ. म्हणाली. "आणि ते दुधाचं पातेलं वर काढून ठेवलंय. यापुढे काय उकळायचं ते त्यात उकळा."